वाचून दाखवा

शेवंताताई काळे यांच्याशी बोलताना समोरच्याचं लक्ष हमखास त्यांच्या मांडीकडे जायचं. उजव्या हाताची दोन बोटं साडीवर हलत असायची. कोणी बोलत असलं की ती बोटं चालत, बोलणारा थांबला की थांबत. नव्या माणसाला वाटे, बाईंना काही दुखणं असावं. मलाही पहिले काही दिवस तसंच वाटलं होतं. मग एकदा धीर करून विचारलं, तेव्हा हसून म्हणाल्या, "लघुलिपी आहे गं ती. तू बोलतेयस ते लिहून घेतेय."

"साडीवर?"

"कागद असला की कागदावर. नसला की साडीवर."

दिल्लीतल्या एका मंत्रालयात मी अनुवादक म्हणून लागले तेव्हा त्या तिथे वीस वर्षं जुन्या स्टेनो होत्या. उंची पाच फुटांच्या आत, सुती साडी, थंडीत त्यावर पुरुषी तपकिरी स्वेटर आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. दुसरी पेन्सिल कुठेतरी हरवलेली असायची आणि ती शोधताना अंबाड्यातली त्यांना आठवायची नाही. दुपारी डब्यात बाजरीची भाकरी आणि ठेचा. आमच्या विभागातले पंजाबी, बिहारी, हरियाणवी सगळे त्या ठेच्याला हात लावून पाहत आणि पाणी पीत. त्या फार सावकाश बोलायच्या. प्रश्न विचारला की उत्तराआधी एवढं थांबायच्या की फोनवरची माणसं "हॅलो, हॅलो" करत राहायची. मी एकदा म्हटलं, "ताई, लोकांना वाटतं फोन कटला." त्या नेहमीसारख्या थांबल्या आणि म्हणाल्या, "घाई कुणाला आहे?"

आज त्यांची आठवण येते ती धुक्यातून आल्यासारखी. आधी आवाज येतो, मग स्वेटर दिसतो, चेहरा सगळ्यात शेवटी.

आमच्या मजल्यावर रामकुमार नावाचे शिपाई होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. एकदा एक महत्त्वाची फाइल सापडेना, तेव्हा साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं. "फाइल तुम्हारे हाथ में थी. कहाँ गई?" रामकुमार चष्मा काढून नुसते पुसत राहिले. साहेबांनी मेमो टाइप करायला शेवंताताईंना बोलावलं. त्या आल्या, वही उघडली आणि मागची पानं उलटू लागल्या.

"मैडम, नया पेज लीजिए," साहेब म्हणाले.

त्या उलटतच राहिल्या. हवं ते पान मिळाल्यावर एका सुरात वाचू लागल्या. "मंगल, साढे ग्यारह बजे. 'रामकुमार, फाइल इधर ही छोड दो, मैं घर ले जाऊँगा.' उसके बाद आपने चाय मँगवाई थी, सर. बिना चीनी की."

साहेब नुसतं "अच्छा" म्हणाले. दुसऱ्या दिवशी फाइल त्यांच्याच टेबलावर होती. माफीबिफी कोणी मागितली नाही. रामकुमार मात्र निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी पाण्याचा पहिला ग्लास शेवंताताईंच्या टेबलावर ठेवत होते.

मी मयूर विहारला राहायचे, त्याही तिथेच, दोन सोसायट्या पलीकडे. आमच्या तिथल्या मराठी मंडळाचं दर जानेवारीत एक नाटक होतं. बँकेतले, रेल्वेतले, मंत्रालयांतले लोक मिळून ते बसवतात. छावणीतल्या जवानांची कुटुंबं बस करून बघायला येतात. शेवंताताई नऊ वर्षं प्रॉम्प्टर होत्या. विंगेत मोडक्या स्टुलावर बसून साऱ्या नाटकाचा एकेक शब्द त्या सांभाळायच्या. रंगमंचावर त्यांना कोणी कधी पाहिलं नव्हतं. कपडेपट आणि रंगभूषा माझ्याकडे असायची.

दहाव्या वर्षीचं नाटक अरविंदरावांनी स्वतः लिहिलं होतं. अरविंदराव म्हणजे मंडळाचे कायमचे दिग्दर्शक, निवृत्त इंजिनिअर. उंच, मोठ्या आवाजाचे आणि मनाने फार चांगले. नाटक कोर्टातलं होतं. गुरुग्रामच्या एका सोसायटीत घरकाम करणाऱ्या बाईवर हार चोरल्याचा आळ येतो, एक तरुण वकील तिच्यासाठी लढतो आणि शेवटी ती सुटते. वकिलांना चार-चार पानांची भाषणं होती. ज्या बाईवर आळ आला तिला मोजकीच वाक्यं होती, आणि तीही कुठल्याच गावात कोणी बोलत नाही अशा बोलीत. "म्या न्हाय क्येलं सायेब" हे वाक्य आलं की तालमीत मागच्या खुर्च्यांवर खसखस पिकायची. मीही हसले आहे. आता लिहून टाकते.

त्या बाईचं काम नीलिमा करत होती. शाळेत शिकवणारी, अठ्ठावीस वर्षांची, खूप गोरी मुलगी. पहिल्या रंगीत तालमीच्या दिवशी मी तिला खुर्चीवर बसवून चेहऱ्याला रंग लावत होते. करोल बागेतून मुद्दाम गडद रंगाची डबी आणली होती. एक गाल झाला आणि शेवंताताई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय करतेयस?"

"मेकअप, ताई."

"एवढा काळा?"

अरविंदराव पलीकडे खुर्च्या मांडत होते. तिथूनच म्हणाले, "मीच सांगितलं तिला. नीलिमा फार गोरी दिसते हो. आरोपी वाटली पाहिजे ना."

शेवंताताई थांबल्या. फोनवर थांबायच्या तशाच. मग म्हणाल्या, "आरोपी कशी वाटते, अरविंदराव?"

"तसं नाही हो. म्हणजे गरीब घरातली, खेड्यातली, उन्हातान्हात राबणारी..."

"माझा बाप गोरा होता. घाऱ्या डोळ्यांचा. तरी त्याला नेलंच."

"कुठे नेलं?" नीलिमाने विचारलं.

"चौकीवर. गावात चोरी झाली की आमच्या वस्तीतल्या कोणाला तरी नेतातच. आम्ही पारधी." बसचा नंबर सांगावा तसं त्यांनी हे सांगितलं. नऊ वर्षांत आम्हाला ते ठाऊक झालं नव्हतं. आम्ही कधी विचारलंच नव्हतं म्हणा. काळे हे आडनाव आम्ही आपल्या सोयीने कुठेतरी बसवून टाकलं होतं. मग त्यांनी हातातली संहिता उघडली आणि म्हणाल्या, "चला, दुसऱ्या अंकापासून घेऊ या."

मी स्पंज हातात घेऊन उभी होते. नीलिमाचा एक गाल काळा आणि एक गोरा. तिने माझ्याकडे पाहिलं, पदराचं टोक ओलं केलं आणि स्वतःच गाल पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. ऑफिस सुटल्यावर आम्ही दोघी नेहमीसारख्या मेट्रोत बसलो. यमुनेवरच्या पुलावर गाडी आली की शेवंताताई बोलणं थांबवून बाहेर बघायच्या, हा त्यांचा नेम होता. त्या संध्याकाळी बाहेर काही नव्हतंच. नदी नाही, काठावरची शेतं नाहीत, नुसतं पांढरं. गाडी कापसातून चालल्यासारखी चालली होती. आणि त्या पांढऱ्याकडे बघत त्यांनी मला सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं.

त्यांच्या गावच्या देवीचा चांदीचा मुखवटा नाहीसा झाला होता. वडिलांना धरून नेलं. ते त्या दिवसांत तित्तर धरायला तीन गावं पलीकडे गेले होते. तिथल्या चार माणसांनी त्यांना पाहिलंही होतं. कोर्टात उभं केलं त्या दिवशी आईबरोबर आठ वर्षांची शेवंताही गेली होती. दाराशी बसून तिने सगळं ऐकलं. "बापाने सगळं सांगितलं गं. कुठे होता, कोणाकडे पाणी प्याला, वाटेत कोण भेटलं. अर्धा तास बोलत होता. बाजूला एक माणूस टाइप करत बसला होता. मला वाटलं, बाप बोलतोय ते सगळं त्या मशीनमध्ये जातंय."

"मग?"

"मशीन अधूनमधूनच वाजायचं. मला तेव्हा कळलं नाही."

अकरा महिने ते आत होते. मग उन्हाळ्यात गावची विहीर उपसली तेव्हा गाळात मुखवटा सापडला. वडील घरी आले. गावातलं कोणी काही म्हणालं नाही, तेही काही म्हणाले नाहीत. त्यानंतर ते फारसं बोलतच नसत. शेवंता आश्रमशाळेत शिकली, वसतिगृहात राहिली, तालुक्याला टायपिंग आणि लघुलिपी शिकली, केंद्र सरकारची परीक्षा दिली आणि दिल्लीला आली. नोकरी लागल्यावर पहिल्या रजेत ती गावी गेली आणि त्या जुन्या खटल्याची नक्कल मागितली. बऱ्याच खेपा घातल्यावर ती मिळाली.

"त्यात बापाचं काय होतं माहितेय? दोन ओळी. 'आरोपीस प्रश्न विचारले. आरोपी समाधानकारक खुलासा करू शकला नाही.'"

गाडी यमुना बँकला थांबली. दारं उघडली, धुक्याचा गार वास आत आला. शेवंताताई म्हणाल्या, "तो काय बोलला ते मला सगळं पाठ आहे. पण माझं पाठ असून काय उपयोग?"

मी त्यांचा हात धरला. त्यांना मी काही बोलावं असं वाटत नसावं.

पुढच्या शनिवारी अरविंदराव तालमीला लवकर आले. आठवडाभर त्यांना चैन पडली नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवंताताईंपुढे उभे राहून म्हणाले, "मी एक विचार केलाय. ते बाईचं काम तुम्हीच करा. नीलिमाही तयार आहे. तुम्ही केलंत तर अस्सल होईल."

त्यांना वाटलं होतं की आपण मोठी गोष्ट करतोय. आणि एका अर्थी करतही होते.

"मी कधी पिंजऱ्यात उभी राहिले नाही, अरविंदराव," शेवंताताई म्हणाल्या. "मी तीस वर्षं खुर्चीवर बसून काम केलंय. मला न्यायाधीश करायला आवडेल."

न्यायाधीशाचं काम अरविंदराव स्वतः करत होते. ते त्यांनी स्वतःसाठीच लिहिलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटचं भाषण, निकाल आणि त्यावर पडदा.

"न्यायाधीश?" ते म्हणाले. "म्हणजे... लोकांना पटेल का?"

"न पटायला काय आहे?"

अरविंदरावांच्या मनात होतं ते त्यांना तोंडाने म्हणता येत नव्हतं. "बघू या" म्हणून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्या दिवशी तालीम झालीच नाही. काही जण कुजबुजले की हे जरा जास्तच होतंय. एक काकू मला म्हणाल्या, "दिलं होतं ना चांगलं काम, मग?" मीही गप्प राहिले.

तीन दिवसांनी, सकाळी, मी शेवंताताईंकडे वाटीभर साखर मागायला गेले होते. बेल वाजली. दारात अरविंदराव, हातात संहिता. आत आले, बसले, पाणी प्याले. आणि म्हणाले, "ती खुर्ची उंच आहे. तुमचे पाय अधांतरी राहतील. पायाखाली पाट घ्यावा लागेल."

शेवंताताई थांबल्या. "पाट आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या.

एवढंच. मग दोघांनी चहा घेतला आणि पाट केवढा, कुठे ठेवायचा, प्रेक्षकांना दिसेल का, यावर अर्धा तास बोलले. जाताना अरविंदराव दारात वळून म्हणाले, "मग प्रॉम्प्टिंग मीच करतो." आणि स्वतःशीच हसले.

त्यानंतरचे दिवस मला एखाद्या लांब, सुखाच्या दुपारीसारखे आठवतात. हॉलच्या काचांमधून हिवाळ्याचं पिवळं ऊन यायचं आणि शेवंताताई नीलिमाला घेऊन कोपऱ्यात बसायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी अरविंदरावांना विचारलं, "हिचं नाव काय?" संहितेत नुसतं 'आरोपी' होतं. अरविंदराव डोकं खाजवत राहिले. शेवटी नीलिमानेच एक नाव सुचवलं, सुमन वाघमारे. ती बोलीही गेली. "माझी आई कोर्टाच्या दारात घाबरली होती. घाबरली होती, बावळट नव्हती," शेवंताताई म्हणाल्या. "तू बोलतेस तशीच बोल. फक्त खरं बोलतेयस आणि कोणी ऐकत नाहीये, असं समज." मागच्या खुर्च्यांवरचं हसणं थांबलं. ते नेमकं कधी थांबलं ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

प्रयोगाच्या संध्याकाळी हॉल भरला होता. छावणीची बस आली होती, बायका शाली पांघरून पुढे बसल्या होत्या. शेवंताताई काळा डगला घालून उंच खुर्चीवर बसल्या, पायाखाली पाट. पहिल्यांदा थोडी चुळबुळ झाली. मग त्यांचा तो सावकाश आवाज आला आणि लोक शांत झाले. न्यायाधीशाला घाई नसते, हे सगळ्यांना पटलं असावं.

दुसऱ्या अंकात सुमन आपली बाजू सांगते तो प्रसंग आला. नीलिमाने आपली वाक्यं म्हटली. ती संपली की न्यायाधीशाने "पुढे" म्हणायचं आणि वकिलाने भाषण सुरू करायचं, असं लिहिलेलं होतं. वकील उठलाही.

"थांबा," शेवंताताई म्हणाल्या.

विंगेत अरविंदरावांनी पान उलटून पाहिलं. मग मागचं पाहिलं.

"सुमनबाईंनी आत्ता जे सांगितलं ते लिहून झालं का?" शेवंताताईंनी खाली बसलेल्या लेखनिकाला विचारलं. त्याचं काम आमच्यातला एक बँकेतला मुलगा करत होता. त्याला अख्ख्या नाटकात एकही वाक्य नव्हतं. तो गडबडून उभा राहिला.

"वाचून दाखवा."

त्याच्या हातातला कागद कोरा होता. त्याने तो उलटा केला. मागेही कोरा. प्रेक्षकांत कोणीतरी हसायला गेलं आणि थांबलं.

"काही लिहिलेलं नाही," तो मुलगा म्हणाला. ते त्याने अगदी खरं म्हटलं.

शेवंताताई पिंजऱ्याकडे वळल्या. "सुमनबाई, पुन्हा सांगा. सावकाश सांगा. या वेळी लिहून घेतील."

नीलिमाने विंगेकडे पाहिलं. अरविंदरावांनी संहिता मिटली आणि हाताने खूण केली, बोल. ती बोलू लागली. संहितेतलं काहीच नव्हतं त्यात. सकाळी किती वाजता कामाला आली, कोणत्या घरी आधी गेली, भांडी घासताना नळाचं पाणी किती गार होतं, मालकिणीने चहा दिला तो कोणत्या कपात, लिफ्टमध्ये कोण भेटलं. लेखनिक खरंच लिहीत होता, आणि मागे पडला की शेवंताताई हात वर करून तिला थांबवत होत्या. तो लिहून झाला की मान हलवत. हॉलमध्ये पेन्सिलीचा आवाज ऐकू येत होता. मी घड्याळ पाहिलं नाही, पण बराच वेळ गेला असणार. मग त्या म्हणाल्या, "वाचा." आणि त्या मुलाने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

"बरोबर आहे?" शेवंताताईंनी विचारलं.

"बरोबर आहे," नीलिमा म्हणाली.

"पुढे."

वकिलाने आपलं चार पानी भाषण दीड पानातच संपवलं. तो नंतर म्हणाला, बोलायचं काही राहिलंच नव्हतं. निकाल लिहिलेला होता तोच दिला गेला, पडदा पडला, टाळ्या झाल्या. अरविंदराव विंगेत मोडक्या स्टुलावर बसून राहिले होते. शेवंताताई पाटावरून उतरून त्यांच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "तुमचं नाटक थोडं लांबवलं मी."

"लांबायला हवं होतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान ऐकला.

छावणीतली एक बाई आत आली. मराठवाड्याकडची, हवालदाराची बायको. शेवंताताईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाली, "तुम्ही खऱ्या जज आहात का, ताई?"

"नाही. स्टेनो आहे."

ती बाई थोडा वेळ तिथेच उभी राहिली. काहीतरी सांगायचं असावं. शेवंताताईंनी तिला शेजारी बसवून घेतलं. मी कपडे आवरायला गेले. परत आले तेव्हा ती बाई अजून बोलत होती.

निवृत्तीनंतर शेवंताताई फरीदाबादला भाचीकडे राहायला गेल्या. त्या वारल्या त्याच्या दीडेक महिना आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं. डिसेंबर होता. भाची सोनल तिथल्या एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत तिने खाट टाकून दिली होती. मी आणि शेवंताताई उन्हात बसून मटार सोलत होतो. त्या खूप वाळल्या होत्या. ऑफिसातल्या माणसांची चौकशी करत होत्या आणि बोलता बोलता त्यांचा डोळा लागला.

मी आवाज न करता मटार सोलत राहिले. थोड्या वेळाने त्या बोलायला लागल्या. मला वाटलं, माझ्याशीच बोलतायत, म्हणून वाकले. एकही शब्द कळला नाही. माझ्याशी त्या मराठी बोलायच्या, साहेबांशी हिंदी, कागदावर इंग्रजी. ही भाषा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलीच नव्हती. सावकाश नव्हती ती. भराभर, हसऱ्या सुरात, अगदी लहान मुलीसारखी चालली होती.

सोनल चहा घेऊन आली. मी तिला खुणेने विचारलं, काय म्हणतायत?

ती खाटेशी बसली आणि कान देऊन ऐकू लागली. "मलाही पूरा नाही समजत, मावशी," ती म्हणाली. "माझ्याशी आपली भाषा कधी बोललीच नाही ती. शाळेत चिडवतील म्हणायची." पुन्हा ऐकलं. "कोणाला तरी 'बस' म्हणतेय. दमला असशील, बस, म्हणतेय. पुढचं नाही येत मला."

चहा निवत गेला. समोरच्या इमारतीची सावली खाटेच्या पायथ्यापर्यंत आली होती. सोनलने डोक्याकडची बाजू धरली, मी पायाकडची, आणि आम्ही खाट उचलून अलगद उन्हात नेली. वजन असं नव्हतंच. शेवंताताई जाग्या झाल्या नाहीत. त्यांचं बोलणं चालूच होतं.